अंबूअक्काचं बोलणं

डिसेंबर सरत आला की चामराजपेटेतल्या गल्ल्यांत नऊ वाजेपर्यंत ऊन उतरत नाही. धुकं नाही, पाऊस नाही, नुसता ओला गारठा. दोरीवर टाकलेलं फडकं दुपार झाली तरी हाताला गारच लागतं. सगुणाबाईंच्या कामाला ही हवा वाईट. साडीला फॉल लावायचा तर पट्टी आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावी लागते. कोरीच शिवली तर पहिल्या धुण्यात आटते आणि साडीचा काठ गोळा होतो. त्या सकाळी दोरीवर सात पट्ट्या होत्या. सगुणाबाई एकेक चाचपत होत्या आणि परत पसरत होत्या.

"सुकलं काय गं?" आतून अंबूबाईंनी विचारलं.

"नाही अक्का. स्वल्प थांबायला पाहिजे."

"कालपण तेच सांगितलीस."

"काल पण ऊन नव्हतं."

अंबूबाई म्हणजे सगुणाबाईंची थोरली जाऊ. वय सहाऐंशी, नजर जवळजवळ गेलेली, कान मात्र तिखट. सगुणाबाई एकोणिसाव्या वर्षी या घरात लग्न होऊन आल्या, तेव्हा त्यांना भात किती शिजवायचा इथपासून नवऱ्याशी कधी बोलायचं नाही इथपर्यंत सगळं अंबूबाईंनी शिकवलं. आता दोघींचे नवरे गेले, मुलं आपापल्या घरी पांगली. खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत या दोघी, एक शिलाई मशीन आणि लोकांच्या साड्या.

आणि अकरा वह्या.

त्या वह्यांत अंबूबाई होत्या. सोळाव्या वर्षी लग्न झालेल्या, ऊदबत्त्या वळून तीन दिरांना शिकवणाऱ्या, दोन लेकरं गमावलेल्या, सासऱ्याशी भांडून गौरीच्या सणाला रुसून बसलेल्या अंबूबाई. सगुणाबाईंनी सहा वर्षं रोज दुपारी, जेवणं झाली की, त्यांना बोलतं केलं आणि लिहून काढलं. त्यांच्या तोंडचंच, जसंच्या तसं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. या दोघींच्या समाजाचे लोक चारशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे कन्नड मुलखात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. शाळा कन्नड. त्यामुळे घरचं पत्र असो, लग्नाची यादी असो की वाणसामानाची चिठ्ठी, भाषा मराठी आणि अक्षरं कन्नड. सगुणाबाईंना देवनागरी येत होती, शाळेत हिंदी होती ना; पण हात वळायचा तो कन्नडातच. अकराच्या अकरा वह्या तशाच लिहिलेल्या. त्यात काही वेगळं आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही.

वाटलं ते पहिलं पार्सल परत आल्यावर.

समाजाच्या वाचनालयात पुण्याचे दिवाळी अंक येतात. एकाच्या शेवटच्या पानावर एका प्रकाशकाचा पत्ता होता. सगुणाबाईंनी वह्यांची झेरॉक्स काढून, साडीच्या खोक्यात घालून, वर फॉलची पट्टी बांधून पाठवून दिली. दोन महिन्यांनी खोकं परत. आत चिठ्ठी: आम्ही कन्नड पुस्तके प्रकाशित करत नाही.

"कन्नड?" अंबूबाई म्हणाल्या. "मी कन्नडात कधी रडली गं?"

मग सगुणाबाई त्याच खोक्यासकट बसवनगुडीला एका कन्नड प्रकाशकाकडे गेल्या. तो भला माणूस. त्याने चष्मा लावून दोन ओळी खणखणीत वाचल्या, थांबला, पुन्हा वाचल्या आणि कन्नडात म्हणाला, "अक्का, अक्षरं तर आमचीच. पण हे म्हणतंय काय?" त्याने कॉफी पाजली आणि दारापर्यंत सोडायला आला.

खोकं मशीनखाली गेलं. दीड वर्ष तिथेच होतं. ते भव्याच्या पायाला लागलं.

भव्या त्यांच्याच समाजातली, चाळिशीची, कॉलेजात शिकवणारी. साड्या फॉल-पिकोला इथेच टाकायची. तिने त्यातली वरचीच झेरॉक्स उचलली ती उभ्या उभ्या अर्धी वाचली. मग सगुणाबाईंना म्हणाली, "अक्का, तुम्हाला एजंट पाहिजे."

"एजंट? विम्याचा?"

"पुस्तकांचा. असतात तसले. पुस्तकासाठी प्रकाशक शोधतात."

"वरसंशोधनच म्हण की," अंबूबाई आतून म्हणाल्या. "पोरीत खोट काय ते आधी सांगून टाक. मागनं कटकट नको."

एजंट इंदिरानगरात होता. यशोवर्धन नाव, पुण्याहून इकडे आलेला. भव्याने फोनवरच त्याचा अर्ज भरला. गोष्टीचा सारांश एक पान, पहिली तीन प्रकरणं म्हणून पहिल्या तीन वह्यांचे फोटो आणि लेखिकेविषयी थोडक्यात माहिती. सगुणाबाईंनी बराच विचार करून सांगितलं, "फॉल, पिको, गोंडे करून मिळतील. असं लिही." भव्याने तेच लिहिलं.

त्याला अक्षरं वाचता येईनात. त्याने कळवलं, वाचून पाठवा. मग सगुणाबाईंनी त्या तीन वह्या वाचून फोनमध्ये रेकॉर्ड केल्या आणि बारा दिवसांनी त्याने भेटायला बोलावलं.

सगुणाबाई आणि भव्या मेट्रोने गेल्या. यशोवर्धन पन्नाशीचा, नम्र, वाक्यात निम्मं इंग्रजी.

"काकू, मी ते तीनदा ऐकलं. ऑनेस्टली सांगतो, असं काही बऱ्याच वर्षांत आलं नव्हतं. पुण्यातला एक पब्लिशर तयार आहे. जूनपर्यंत पुस्तक हातात."

सगुणाबाईंचे हात पर्समध्ये काही नसताना काही शोधू लागले. जून म्हणजे सहा महिने. डॉक्टरांनी अंबूबाईंच्या हृदयाचं जे सांगितलं होतं, त्यात सहा महिने बसत होते. त्यापुढचं कुणी काही सांगत नव्हतं.

"फक्त एक कंडिशन आहे. भाषा थोडी क्लीन करायची. प्रमाण मराठी. त्यांनी सँपल पण करून पाठवलंय." त्याने दोन छापील पानं पुढे सरकवली. "घाई नाही. चार दिवस घ्या."

परत येताना मेट्रोत भव्या म्हणाली, "अक्का, हो म्हणून टाका. अंबूअक्कांच्या हयातीत होतंय."

"विचारून सांगते," सगुणाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या खाटेजवळ बसल्या. काय आहे ते सांगितलं नाही. देवनागरी पान धरून सावकाश वाचायला लागल्या: "विवाहानंतर मी या घरी आले, तेव्हा घरात एकच भांडे आणि नऊ माणसे होती. अगरबत्ती वळता येते का, असे सासूबाईंनी विचारले. येत नसतानाही मी होकार दिला."

त्यांनी वर पाहिलं. अंबूबाईंनी पसरलेले पाय आत ओढून घेतले होते. पदर डोक्यावरून पुढे घेतला होता, थेट कपाळापर्यंत, आणि पाठ ताठ करून त्या बसल्या होत्या.

"कोण आलंय?" त्यांनी हळूच विचारलं. "पुण्याकडचं कोणी हाय काय? आधी सांगायचं नाही काय गं. कॉफी ठेव जा."

"कोणी नाही अक्का. हे तुमचंच हाय."

"माझं?"

"पुस्तकात असं घालतो म्हणून सांगतात."

अंबूबाई हसल्या. "मला इतकं येत असतं तर ऊदबत्त्या कशाला वळल्या असत्या?"

सगुणाबाईंनी पान खाली ठेवलं आणि वही घेतली. "लगीन होऊन आले तेव्हा ह्या घरात मडकं एक, माणसं नऊ. सासूनं विचारलं, ऊदबत्ती वळायला येती काय म्हणून. येत नव्हती. येती म्हणून सांगितले मी."

पदर खांद्यावर आला. पाय पुन्हा पसरले. "आणि खोटं बोलले म्हणून ते बी घाल," अंबूबाई म्हणाल्या. "शेजारणीकडं दुपारच्या दुपारी शिकून आले. बोटं काळी झाली. सासूला कळलं होतं, बोलली नाही कधी."

हे वहीत नव्हतं. सगुणाबाईंनी पेन काढून कडेला लिहून घेतलं.

संध्याकाळी त्यांनी यशोवर्धनला फोन लावला. पदराचं सगळं सांगितलं. भाषा आहे तशीच राहील, म्हणाल्या.

"काकू, ते नाही म्हणतील मग."

"म्हणू द्या."

"दुसरा मिळायला वर्ष जाईल. दोनही जातील. आणि अंबूबाईंची तब्येत..."

"ते मला ठाऊक हाय. पण स्वतःच्या पुस्तकापुढं त्यांनी पदर घेऊन बसायचं, ते मला बघवणार नाही."

मग तो म्हणाला, "एक करा. उरलेल्या आठ वह्या वाचून पाठवा. मी देवनागरीत उतरवून काढतो, शब्द न बदलता. टाइप केलेलं तयार असलं की चार ठिकाणी एकदम देता येईल. बेळगावात एक जण आहेत, छोटेच आहेत, पण त्यांच्या कानाला हे परकं वाटणार नाही. प्रॉमिस करत नाही हं."

"तुम्हाला सगळं समजेल?"

"अडलं तर फोन करीन. स्वल्प म्हणजे थोडं, इथवर आलोय."

सगुणाबाईंनी फोन ठेवला. अंबूबाई आवाजाकडे तोंड करून बसल्याच होत्या.

"काय म्हणाले?"

"उशीर होईल म्हणून सांगितले."

"किती?"

सगुणाबाईंना खोटं बोलता आलं असतं. "वर्ष, अक्का. जास्ती पण."

अंबूबाईंनी गुडघा चोळला. थोडा वेळ चोळतच राहिल्या. "सरी, होऊ दे उशीर," त्या म्हणाल्या. "तोवर वाच. चुकलेलं सांगायला मी हाय अजून."

चौथी वही निघाली. सगुणाबाईंनी फोन उशीला टेकवून उभा केला, घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. तिसऱ्याच ओळीला अंबूबाई मध्ये बोलल्या, "गुरुवार नव्हे, शुक्रवार. गुरुवारी आम्ही मठाला जायचो." सगुणाबाईंनी फोन बंद केला नाही. तेही जाऊ दे त्या यशोवर्धनाकडे, तो घालील कुठे घालायचं ते.

पान उलटलं तोच मोरीतल्या नळाने दोनदा खाकरून हवा सोडली.

"कावेरीचं पाणी आलं गं," अंबूबाई म्हणाल्या. "ऊठ, तासाभरात जाईल परत."

सगुणाबाईंनी वही पालथी ठेवली, पदर कमरेला खोचला आणि पहिली घागर नळाखाली सरकवली.