आठ वीत वाटेवरची परदेशी गाडी

२०२५ साल. मी बहात्तर वर्षांचा, चौथी पास, आणि माझ्या दारात गाडी नव्हती. ऐपत नव्हती म्हणून नव्हे. मला जी गाडी हवी होती ती आपल्या देशात विकतच नव्हते, आणि जी विकत होते ती माझ्या दारापर्यंत येत नव्हती. यावरून मी आणि माझा मुलगा दोन वर्षं भांडत होतो. ते भांडण एका रविवारी तडीस गेलं. त्या रविवारचं लिहितो.

आमचं घर गिरीजला, वाडीच्या पार आत. मोठ्या रस्त्यावरून घराकडे यायला एक वाट. एका अंगाला शेजाऱ्याची दगडी भिंत, दुसऱ्या अंगाला आमचं बावखल. बावखल म्हणजे वाडीतलं खोदीव तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, म्हणून समुद्र एवढ्या जवळ असूनही आमच्या विहिरीचं पाणी गोडं राहतं. माझ्या बापानं ते रुंद केलं तेव्हा गाळाच्या टोपल्या मी डोक्यावरून वाहिल्यात. रेल्वेच्या पूर्वेला इमारतींच्या दारात टँकर उभे असतात, तेव्हा माझ्या केळींना मे महिन्यातही पाणी पुरतं. ते काही फुकट होत नाही.

तीन वर्षांपूर्वी बायकोचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय पहिल्यासारखा झाला नाही. ती चाकाच्या खुर्चीत आली. वाटेत माडांची मुळं वर आलेली, खुर्ची ढकलत नेता येत नाही. रविवारी चर्चमध्ये मिस्साला न्यायचं तर चार जणांनी खुर्ची उचलून रस्त्यापर्यंत न्यायची. तिला ते बिलकूल आवडत नसे. एकदा म्हणाली, "पेटीत घालून न्याल तेव्हा चार जण लागतील ते लागतील. आत्तापासून कशाला सवय करता?" आणि मिस्साला जायचं तिनं बंद केलं.

मुलगा म्हणाला, गाडी दारात आली पाहिजे. त्यात चूक काही नव्हतं. पण त्यानं पसंत केलेली गाडी म्हणजे हत्ती. ती यायची तर वाट रुंद करायला हवी, आणि वाट रुंद करायची तर बावखलात भराव. गवंडी बोलला, अर्धा भराव टिकणार नाही, कड ढासळेल, बुजवायचं तर सगळं बुजवा. मुलगा तयार झाला. मी म्हटलं, माझ्या जिवंतपणी नाही.

"मग लहान गाडी घेऊ," तो म्हणाला. लहान गाड्यांचं पोट जमिनीला लागतं, मुळांवर अडकतं. इथे मिळतात त्या लहान उंच गाड्याही मी बघितल्या. बायकोची खुर्ची भाड्याच्या टेम्पोत घालून चार शोरूम हिंडलो. घरची माणसं बसली की खुर्ची डिकीत मावेना. शोरूममधली पोरगी म्हणाली, "अंकल, खुर्ची वर कॅरियरला बांधा ना." मी म्हटलं, "तुझ्या आजीची बांधशील?"

मला हवी ती गाडी मी आखातात पाहिली होती. तिथे मी अठरा वर्षं ड्रायव्हर होतो. पाण्याचा टँकर चालवला, मग एका साहेबाची गाडी. दोन वर्षांपूर्वी तिथे मुलीकडे राहायला गेलो, तेव्हा एका दुकानाबाहेर ती उभी होती. बाहेरून अंग चोरून बसल्यासारखी, पण उंच आणि आतून ऐसपैस. मी विती टाकून तिची रुंदी मोजायला लागलो. साडेसात वीत आणि चार बोटं. आमची वाट आठ वीत आणि वर एक मूठ. तेवढ्यात पहारेकरी धावत आला, त्याला वाटलं मी काच फोडतोय. मागून गाडीचा मालक आला. त्याला मोडक्या अरबीत बायकोचं सांगितलं. त्यानं हसत डिकी उघडून दाखवली. सीट बायकोच्या खुर्चीच्याच उंचीची. बायकोला ना वाकावं लागणार ना चढावं लागणार. मी तिथेच ठरवलं.

इथे आल्यावर कळलं, त्या कंपनीची आपल्याकडे दुकानं आहेत, पण नेमकी ही गाडी ती इथे विकत नाही. मी नातीला, मुलाच्या पोरीला, सांगितलं. ती ऑफिसात काम करते, पण जीव सगळा गाड्यांत. ती उडालीच.

"आजोबा, ह्याच गाडीसाठी आमचा ग्रुप तीन वर्षं डोकं फोडतोय!"

त्यांचा ग्रुप रविवारी सकाळी किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली जमतो. बँकेतला एक, शाळेतले एक मास्तर, दोन नर्सा, आणखी पंधरावीस जण. या गाडीचं इंजिन, गिअर, टायर, सगळं त्यांना तोंडपाठ. पण व्हिडिओत बघून. हात लावलेला माणूस एकटा मी. तेव्हा मला खुर्ची मिळाली, चहा मिळाला. मास्तरांनी विचारलं, "काका, दरवाजा लावताना आवाज कसा येतो?"

"फणस पडल्यासारखा," मी म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं!

त्यांनी कंपनीला सह्यांचा अर्ज पाठवला होता. उत्तर आलं, आपला उत्साह पाहून आनंद झाला. बास. मुलगा मला ते उत्तर दर आठवड्याला वाचून दाखवायचा. शेवटी त्यानं बावखल बुजवायला मातीचा डंपर सांगितला, सोमवारी सकाळी यायला.

त्याच्या आधीच्या गुरुवारी नात चपला न काढता घरात घुसली. "आजोबा, आली! गाडी आली!"

पलीकडच्या गावातला एक जण आखातात नोकरीला. लांब सुट्टीवर आला होता आणि आपली गाडी जहाजातून घेऊन आला होता. काही महिन्यांचा परवाना असतो, मुदत संपली की गाडी परत न्यायची, इथे विकायची नाही. गाडी तीच. हीच.

मी मुलाला म्हटलं, "ती गाडी आपल्या दारात आणून दाखवतो. मग डंपरचं काय?"

"आली तर डंपर परत. नाही आली तर पपा, सोमवारी तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

"नाही बोलणार."

"मामाच्या समोर बोला," तो म्हणाला. आईला तो मामा म्हणतो. मी तिच्यासमोर बोललो. तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. पण शब्द गेला तो गेला.

रविवारी सकाळी रस्त्यावर वीसेक गाड्या लागल्या. सगळा ग्रुप आला होता. आणि मधे ती. ओल्या वाळूच्या रंगाची. मागच्या पाटीवर अरबी आकडे. पोरं मोबाइलात शोधत बसली, मी उभ्या उभ्या वाचून दाखवले. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. कोणी दरवाजा लावून बघतंय, कोणी वाकून खालचं बघतंय. एक नर्स ओरडली, "खरंच फणस!"

मालक चाळिशीचा, सभ्य माणूस. आरसे मिटले आणि गाडी वाटेवर घातली. सरळ वाटेवर चार-चार बोटं मोकळी राहिली, मी म्हटलं होतं तश्शी. मी मुलाकडे बघितलंही नाही, एवढा मी ताठ. मग वळण आलं आणि गाडी अडली. मागचं चाक आतल्या भिंतीला टेकलं. पुढे बायकोचा धुण्याचा दगड.

तो दगड बावखलाच्या काठाला आहे, वाटेत चांगला वीतभर घुसलेला. केळी लावताना आम्ही गाठी मारलेली काथ्याची दोरी धरून अंतर मोजतो. त्याच दोरीनं मी ही वाट दहा वेळा मोजली होती. दगड एकदाही मोजला नव्हता. लग्न होऊन आल्यापासून बायको त्यावर धुणं आपटायची. तो मला कधी वाटेत आहे असं वाटलंच नाही.

मुलानं टेप काढली. "आठ वीत कुठे, पपा? इथे बघा किती राहिलं."

माझे कान तापले. बँकवाला हळूच म्हणाला, "दगड काढला तर?"

ओटीवरून बायकोचा आवाज आला, "दगडाला हात लावून बघा कोणी!"

मालकानं गाडी मागे रस्त्यावर नेली. मी तिथेच उभा राहिलो, वळणाकडे बघत. आणि मला माझा टेम्पो आठवला. आखातातून परत आल्यावर मी केळी न्यायला टेम्पो ठेवला होता, बारा वर्षं. तो मी कधी तोंड पुढे करून आत आणला? कधीच नाही. वाडीत टेम्पो नेहमी उलटा आणायचा, म्हणजे भरला की तोंड रस्त्याकडे. हे आमच्याकडे पोरालाही माहीत, आणि मी एवढा शहाणा, परदेशी गाडी बघून विसरलो!

रस्त्यावर जाऊन मी हात पुढे केला. "किल्ली द्या."

"काका, स्टिअरिंग डाव्या बाजूला आहे."

"अठरा वर्षं डावीकडेच बसलोय. तुम्ही तेव्हा शाळेत होता."

तो नातीकडे बघायला लागला. नात म्हणाली, "द्या. नाहीतर ते इथून हलणार नाहीत." त्यानं किल्ली दिली आणि स्वतः शेजारी बसला, एक हात दरवाज्यावर.

"मागे कॅमेरा आहे, पडद्यावर दिसेल," तो म्हणाला. पडदा पीं पीं करायला लागला. मी त्यावर रुमाल टाकला.

गाडी उलटी वाटेवर घेतली. सगळा ग्रुप एकदम ओरडायला लागला, डावीकडे, उजवीकडे, थांबा, चला. मी काच खाली केली. "सगळे गप! एकटी नात बोलेल. आणि फक्त बोटं सांगायची."

"चार बोटं," नात म्हणाली. "चार. चार. तीन. आजोबा, तीन!"

"कळलं."

वळण आलं. मागची चाकं भिंतीच्या कडेनं आत घेतली आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. आता पुढचं तोंड बाहेर फेकलं जाणार, बावखलाच्या बाजूला, हे मला माहीत होतं. तेच मला हवं होतं. चाकं काठावर राहतील, नाक पाण्यावर जाईल. शेजारी बसलेल्या मालकानं डोळे मिटले. काठावरचे बेडूक धडाधड पाण्यात पडले.

"दगड!" मुलगा ओरडला.

नात पोटावर आडवी झाली, चांगल्या कपड्यांनिशी, आणि गाडीखाली बघायला लागली. "नाक दगडाच्या वरून जातंय! आजोबा, वीतभर उंच आहे! या! या! या!"

गाडी उंच होती म्हणून. खालच्या पोटाची असती तर तोंड फुटलं असतं. नाक दगडावरून सरकलं, पाण्यावरून सरकलं, आणि सरळ झालं. मग दार येईपर्यंत मी नुसतं स्टिअरिंग धरून बसलो होतो. हॉर्न कधी दाबला ते कळलं नाही. मागे सगळे नाचत होते. मास्तर नाचत होते!

ओटीवर बायको चर्चला जायची साडी नेसून बसली होती, कानात मोती. मला वाटलं होतं तिला या प्रकाराचा कंटाळा आलाय. ती सकाळपासून तयार होती.

गाडीकडे बघून म्हणाली, "एवढीच? दोन वर्षं तुमी जे सांगत होते त्यावरनं वाटलं जहाज येतंय."

"बस तर खरी."

खुर्चीतून सीटवर ती नुसती सरकली. कोणी उचललं नाही. मुलानं खुर्ची घडी करून डिकीत ठेवली, आडवी ठेवून बघितली, उभी ठेवून बघितली. दोन्ही तऱ्हेनं मावली. त्यानं डिकी लावली. मग खिशातून फोन काढला. "उद्या डंपर नको... नाही, परवा पण नको."

फोन ठेवून माझ्याकडे आला. "पण पपा, ही गाडी परत जाणार आहे. एक वर्ष थांबतो. कंपनीनं इथे आणली नाही तर?"

"दोन वर्षं थांब."

"कशावरून आणतील?"

"त्यांनी आपली वाट बघितलेली नाही अजून. म्हणून."

तो हसला. त्याच्या तोंडावर हसू बघून मला किती महिने झाले होते.

तोंड आता रस्त्याकडे होतं, गाडी सुरळीत बाहेर पडली. चालवायला मालक, मागे बायको आणि मी. बाकी वीस गाड्या आमच्या मागे, हॉर्न वाजवत. लोक घराबाहेर आले, कोणाचं लग्न म्हणून बघायला. मिस्सा आटोपून किनाऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर मालक सावकाश चालवायला लागला, म्हातारी माणसं म्हणून. बायकोनं त्याच्या खांद्यावर बोट टोचलं.

"बाबा, हिला पळता येत नाही काय?"

त्यानं पळवली. काच खाली, तिचे केस सगळे तोंडावर, आणि ती ते बाजूला करत नव्हती.

सोमवारी सकाळी मी चहाच्या आधी वळणावर गेलो. काथ्याची नवी दोरी ताणून वाट मोजली, या वेळी दगडासकट. दगड येतो तिथे गाठ मारली आणि दोरी तोडली. मग कागद घेऊन बसलो. नात म्हणाली, इंग्रजीत मी लिहिते. मी म्हटलं, एवढी मोठी कंपनी, मराठी वाचणारा एक माणूस तरी असेल. लिहिलं ते एवढंच: आमची वाट एवढी आहे. गाठ आहे तिथे माझ्या बायकोचा दगड आहे, तो हलणार नाही. तुमची ती गाडी इथून जाते, मी स्वतः चालवून बघितली आहे. ती इथे विका. पहिली आम्हाला द्या.

पोस्टातल्या बाईनं पाकीट दाबून बघितलं. "आजोबा, आत काय आहे?"

"दोरी."

"दोरी कशाला?"

"माप पाठवतोय."

तिनं वजन केलं आणि शिक्का मारला. पावती वरच्या खिशात ठेवून मी घरी आलो, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि बावखलातलं शेवाळ काढायला उतरलो.