गोणपाटावरची होडी

त्या गोणपाटावरची होडी मी काढली, काकींनी नव्हे. एवढं कबूल करायला मला बारा वर्षं लागली.

स्वातंत्र्याला सातआठ वर्षं झाली असतील. मालवणजवळच्या एका गावात मी शाळामास्तर होतो. चित्रकलाही मीच शिकवायचो. शेजारच्या काकींचे यजमान मुंबईला गोदीत कामाला. दुपारची भांडी झाली की काकी पडवीत गोणपाट पसरायच्या. पेजेच्या खळीने त्यावर काथ्या, कोकमाची सुकी सालं, फुटक्या काकणांचे तुकडे चिकटवायच्या. मध्येच चुलीतली राख बोटांनी फासायच्या. मग चार पावलं मागे सरून, एक डोळा मिटून बघत राहायच्या.

"ह्या काय गो केलंस?" सासूबाई विचारायच्या.

"काय नाय. बघूक बरा वाटता."

"आणि भात कशात भरतलंस? माझ्या डोक्यात?"

काकी खळखळून हसायच्या.

खरं सांगतो, मलाही त्यातलं काही कळत नसे. पण नजर हटत नसे. शाळेच्या प्रदर्शनासाठी एक गोणपाट मी मागितलं.

"नको ओ मास्तरानू, लोक हसतीत."

"मी आहे ना, काकी!"

प्रदर्शनाच्या सकाळी ते भिंतीवर लावलं. हेडमास्तर समोर थबकले. "हे काय आहे?" मी गोणपाटाचा कोपरा सरळ करत राहिलो. तासाभरात शिक्षणखात्याचे साहेब प्रदर्शन बघायला येणार होते. हेडमास्तर पुढे गेल्यावर मी पांढरा रंग घेतला आणि राखेच्या पट्ट्यावर शिडाची होडी काढली. दोन मिनिटांचं काम. साहेबांनी पाठ थोपटली, "वा! समुद्र!" पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं.

दुपारी काकी घडीचं लुगडं नेसून आल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"मास्तरानू, ही होडी खंय चलली?"

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला होडीपेक्षा जास्त वाटते.

त्यानंतर काकींनी गोणपाटात फक्त भात भरला. मी रोज कुंपणापलीकडून बघायचो. पुढे माझी बदली झाली.

काकी गेल्या त्याला आता वर्ष होईल. त्याआधी दोनेक महिने मी मुद्दाम गावी गेलो होतो. त्या अंथरुणावर होत्या. मला ओळखून उठून बसायला लागल्या. मी जवळ बसलो. मास्तरकीची भाषा तोंडात येईना.

"काकीनू, तुमचा चित्र माका कळला नाय. तसा सांगूक लाज वाटली, म्हणान मी होडी काढलंय. आणि वर तुमका हसलंय. चुकलंय मी. माका माफ करा."