विठोबा शिंप्याची नादारी

बेलीफ वॉरंट घेऊन ओसरीवर बसला होता, आणि ज्याला पकडायचे तो विठोबा शिंपी आत त्याच्यासाठी चहा करीत होता. मी महाडहून पोलादपुरास दुसऱ्याच कामासाठी आलो होतो. विठोबाचे बोलावणे आले म्हणून गेलो.

"वकीलसाहेब, तुमीबी घ्या घोटभर."

"अरे, मी तुला जेलात न्यायला आलोय," बेलीफ म्हणाला. "पाव्हणा नाय मी."

"मग बिनसाखरेचा देऊ काय?"

प्रकरण साधे होते. विठोबाने महाडच्या एका शेठकडून उधारीवर कापड भरले, मंदी आली, कापड पडून राहिले. शेठनी कोर्टातून वसुलीचा हुकूमनामा मिळवला. तेवढ्यावर कर्जदाराला सिव्हिल जेलात टाकता येते. तिथल्या जेवणाचा खर्च मात्र धनकोने, म्हणजे ज्याचे येणे आहे त्याने, भरायचा. शेठ खुशीने भरणार होते. भरजरी फेटा बांधणाऱ्याला बाजारात वचक ठेवावा लागतो.

"नादारीचा अर्ज करू," मी म्हणालो.

"म्हंजे दिवाळं? मग चोळी शिवायला कोन टाकंल माज्याकडं?"

"आणि जेलात तरी कोण आणून टाकील?"

मी फायदे सांगितले. अर्ज दाखल झाला की कोर्टाकडून प्रोटेक्शन मागता येते. ते मिळाले की अटक टळते. स्टॉक कोर्टाने नेमलेला रिसीव्हर विकतो आणि पैसे सगळ्या धनकोंत वाटतो. पुढे डिस्चार्ज मिळाला की उरलेले कर्ज संपते. आणि कारागिराची हत्यारे कोणी नेऊ शकत नाही.

"मशीन ऱ्हाईल?" त्याने एवढेच विचारले. बायको वारली होती. भाऊ मुंबईला जाऊन मुंबईचाच झाला होता. घरात आवाज करणारे ते शिवणाचे मशीन तेवढे होते.

आम्ही तिघे एकाच मोटारीने महाडास आलो आणि त्याच दिवशी अर्ज दिला. प्रोटेक्शन मिळाले. भांडण मशीनवरून झाले. शेठच्या वकिलांनी पुण्याची पदवी आणि बरेच इंग्रजी पणाला लावून सांगितले की हत्यार वेगळे, यंत्र वेगळे. यंत्र ही इस्टेट.

मुनसफांनी विचारले, "सुई हत्यार आहे?"

"आहे, साहेब."

"मग तिला चाक लावलं की ती इस्टेट केव्हा होते?"

मशीन राहिले. कापड विकून धनकोंना रुपयामागे काही आणे मिळाले. विठोबा कायद्याने नादार आणि व्यवहाराने मोकळा झाला. चोळ्याही येत राहिल्या. बायकांना माप पाठ असलेला शिंपी हवा असतो, ऐपतदार नव्हे.

पावसाळा सरल्यावर मी पुन्हा पोलादपुरास गेलो. विठोबा ओसरीवर नुसताच बसला होता.

"आता कोणाचा त्रास नाही ना?"

"नाय. कोनच येत नाय. शेठ बाजाराच्या दिवशी वसुलीला हटकून यायचं. आईबापावरनं शिव्या द्यायचं. पन खोकला ऐकला की इचारायचं, औषध घेतोस का नाय म्हनून. गिऱ्हाईक काय, कापड देतंय नि जातंय." मग जरा लाजून त्याने विचारले, "नादाराला उधारी घेता येती काय, साहेब?"

"पन्नास रुपयांच्या आत, नादार असल्याचे न सांगताही चालते. पण देणार कोण?"

महाडात मी शेठकडे सहज विषय काढला. ते हसले. "वकीलसाहेब, त्याला सांगा, रोख घेऊन ये."

माझी फी अजून राहिली होती. ती मी सोडून देणार होतो. सोडली नाही. त्या बाजूचे काम निघाले की वसुलीला जातो. विठोबा थोडे देतो, थोडे राखतो. मी दोन कडक शब्द बोलतो आणि खोकला कसा आहे ते विचारतो.

नवीन वकिलांना एवढेच सांगतो: नादारीचे फायदे अशिलाला सगळे सांगावेत. फक्त एखादा धनको मागे राहील, एवढे पाहावे.