कांचनकाकूंच्या फंडाचा पासवर्ड

टेक्सासमधल्या शुगर लँड गावच्या कांचन टिकेकरांना गुंतवणूक शिकायची मुळीच हौस नव्हती. लायब्ररीतल्या फुकट वर्गात एसी छान होता, म्हणून त्या जाऊन बसल्या आणि शिकूनच उठल्या. नात रुही जन्मली तेव्हापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, तिच्या कॉलेजसाठी दरमहा पाचशे डॉलर इंडेक्स फंडात. एकच कंपनी हुडकत बसायचं नाही, सगळ्या बाजाराचा थोडा थोडा वाटा घ्यायचा आणि गप्प राहायचं. "मुरांब्यात रोज बोट घालाल तर बुरशीच येणार," असं त्या भिशीतल्या बायकांना सांगत.

बोट घालणारा माणूस मात्र घरातच निघाला. प्रतापकाका तेलकंपनीतून रिटायर झाले आणि दिवसभर टीव्हीवर शेअरबाजार बघू लागले. एका आठवड्यात बाजार धडाधड कोसळला.

"कांचन, सगळं विक! रुहीचं कॉलेज बुडालं!"

"अहो, कॉलेजला सात वर्षं आहेत. अजून तिचे दुधाचे दात पडतायत."

"जॉइंट अकाउंट आहे. मीच विकतो. पासवर्ड सांग!"

काकू भेंडी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आपल्या लग्नात मी घेतलेल्या उखाण्याची पहिली ओळ. इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता."

काकांचा चेहरा भेंडीहून हिरवा झाला. त्यांनी आपलं ठोकून दिलं, 'चांदीच्या ताटात'. चूक. मग नागपूरला बहिणीला फोन लावला.

"दादा, वहिनी नाव घेत होती तेव्हा तू जिलबीसाठी वाढप्याला हाका मारत होतास," सरलाताई म्हणाल्या. "तेवढं अख्ख्या मांडवाला आठवतंय. उखाणा बहुतेक तुळशीचा होता."

तुळसही चूक. रुही पोट धरून हसत होती. "आजोबा, यू डोंट रिमेंबर युअर ओन वेडिंग?"

इरेला पेटून काकांनी स्वतःच एक ओळ रचली: 'प्रतापरावांसारखा पती मिळाला भाग्याने'.

"इतकं खोटं कशाला बोलेन मी?" काकू म्हणाल्या.

अकाउंट लॉक झालं. नवा कोड पोस्टाने येणार, दहा दिवसांनी.

टेक्सासच्या त्या उन्हात काका रोज हॅट घालून मेलबॉक्सपाशी पहारा देऊ लागले. चौथ्या दिवशी काकू ताक घेऊन गेल्या आणि सोबत फंडाचा अकरा वर्षांचा आलेख. काकांनी चष्मा पुसला.

"हे काय? मध्ये एवढं पडलं होतं? मला कुणी सांगितलं नाही!"

"तुम्ही तेव्हा ऑफिसात होतात. रात्री मस्त घोरत होतात."

"आणि मग परत चढलं?"

"चढलं. ह्या वेळी कधी चढेल ते मी लिहून देत नाही. पण आज विकलं तर पडलेल्या भावात विकलं, एवढं नक्की."

काका आलेखाकडे बघत ताक प्यायले. मग दुसरा ग्लास मागितला.

दहाव्या दिवशी पत्र आलं. बाजार अजून खालीच होता. काकांनी पाकीट न फोडता काकूंच्या हातात ठेवलं.

"नवा पासवर्ड सांगू?"

"नको! मला अजिबात सांगू नकोस." ते दोन पावलं गेले आणि वळले. "पण ह्या महिन्याचे पाचशे भरलेस ना? सध्या स्वस्तात मिळतंय."