इन्व्हर

आखातातल्या अल ऐन शहराच्या हॉस्पिटलात मी गुडघ्याच्या फिजिओथेरपीला जायचो, तेव्हा शेजारच्या खाटेवर एक म्हातारे स्कॉटिश गृहस्थ असायचे. पाय उचलताना ते त्यांच्या जुन्या गेलिक भाषेत मोठ्याने आकडे मोजायचे. नाव मी कधी विचारलं नाही, गाव मात्र एकदा विचारलं. गावाच्या नावात ‘इन्व्हर’ होतं.

“म्हणजे नदी समुद्राला मिळते ती जागा,” ते म्हणाले. “आमच्याकडे अशी कितीतरी गावं आहेत. आधी इन्व्हर, मग नदीचं नाव.”

“माझंही घर रत्नागिरीकडे खाडीच्या तोंडाशी आहे,” मी म्हणालो. “तीस वर्षं इथे काढली. आता नोकरी सुटतेय. परत जायचं म्हटलं की वाटतं, खलास, सगळं संपलं.”

पाय हवेत तसाच धरून त्यांनी मान हलवली. “इन्व्हरचा मूळ अर्थ आत घेऊन येणं. नदी रिकाम्या हाताने येत नाही, हबीबी.” आणि पुढचा आकडा मोजला.

संध्याकाळी मी गावी बायकोला फोन लावला. “तिकीट काढतोय. कायमचा येतोय.”

“इन्शाल्ला म्हणा आधी,” ती म्हणाली, आणि लगेच विचारलं, “जिना चढता येतो ना? तुमची खोली मी वर केलीय.”