आमच्याच भिंतीवरचं माकड

काट्यावर आराध्या उभी होती आणि आकडा मागच्या महिन्यापेक्षा खाली. तिला उतरवलं, काटा शून्यावर आणला, पुन्हा चढवलं. तेवढाच.

अंगणवाडीत आम्ही दर महिन्याला वजन घेऊन तक्त्यावर टिंब देतो. हिरवा पट्टा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे दवाखाना. ही पोर पिवळ्यात होती, लालच्या अगदी काठाला. आई-बाप ऊसतोडीला. आजी सांभाळायची, गंगामावशी.

"मावशी, घरी खाते काय ही?"

"भाकरीला तोंड लावत न्हाय, बाई. पाकीट लागतंय. सकाळी एक, दुपारी एक."

"अन् तुम्ही देता?"

"मग? चांगलं असल म्हणूनच देते की. तुमच्याच भिंतीवर तर काढलंय!"

मी पेन ठेवून बाहेर भिंतीकडं गेले.

खरंच होतं ते. भूकंपानंतर गाव नव्या जागी वसलं तेव्हापासून पोलिओचा डोस, जंताच्या गोळ्या, सगळं याच भिंतीवर रंगवलेलं. वाचता न येणारे चित्र बघतात आणि तसं वागतात. दोन महिन्यांपूर्वी चिप्स कंपनीचा एजंट आला. म्हणाला, सगळी इमारत फुकट रंगवतो, अआइई काढतो, फक्त एका भिंतीवर आमचं माकड. माकडाच्या हातात लालभडक पाकीट. भिंतीचे पोपडे निघालेले, मी हरखले. सही ठोकली. ऑफिसला विचारलंच नाही.

तडक सरपंचाकडं गेले. "माकड पुसायचंय."

"ताई, फुकट रंग घेतला अन् आता पुसता व्हय? वर्षाचा करार हाय. सही कुणाची? तुमची. वर कळलं तर आधी तुम्हालाच घरी बसवतील."

खोटं नव्हता बोलत. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. फोन हातात घेतला, ठेवला. पुन्हा घेतला. तक्त्यावरचं ते टिंब काही डोळ्यांपुढून हलेना. शेवटी सुपरवायझर मॅडमना लावला.

"मॅडम, शाळा-अंगणवाडीच्या आवारात चिप्सची जाहिरात चालते का?"

"अजिबात नाही. फाटकापासून पन्नास मीटरपर्यंत नाही. का?"

"आमच्या भिंतीवर आहे."

"परवानगी कुणी दिली?"

"मीच."

"लेखी द्या. आणि भिंत आजच साफ करा."

दुपारी एजंटाचा फोन, सरपंचानंच कळवलं असणार. "ताई, कंपनी वकील पाठवील."

"पाठवा. येताना चुना आणायला सांगा, कमी पडतोय."

मी, मदतनीस आणि गंगामावशी, तिघींनी चुना मारला. लाल रंग वर येतच राहिला. तीन हात द्यावे लागले.

मावशी पांढऱ्या भिंतीकडं बघत म्हणाली, "मग आता पोरीला काय देऊ?"

दुधात भाकरी कुस्करून, शेंगदाण्याचा लाडू, एवढंच सांगितलं. वकील काही आला नाही. मला कारणे दाखवा नोटीस मात्र आली, पुढं ताकीद देऊन सोडलं. आराध्या अजून पिवळ्यातच आहे, पण टिंब वर सरकलंय.

आता भिंतीवर काही लावायच्या आधी मी गंगामावशीला दाखवते. तिला जे कळेल तेच गावाला कळणार. परवा ऑफिसातूनच एक पोस्टर आलं. मावशीनं नीट बघितलं.

"गोरीगोमटी पोरं दूध पितायत. आपली पोरं न्हाईत ही. हे आपल्यासाठी न्हाय."

पोस्टर अजून कपाटातच आहे.