शाफ्ट काढला आणि बाबा निघाले

वारल्यानंतर नवव्या दिवशी माझे बाबा स्वतःची व्हॅन घेऊन निघाले. ड्रायव्हरच्या सीटवर तेच होते, बेल्टही लावलेला होता.

अस्थी घरात ठेवत नाहीत, झाडाला टांगतात. इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या आमच्या गल्लीत झाड म्हणजे शेजारच्या चौरसिया भियांच्या दारातलं एक लिंबू. त्याला कलश टांगला तर झाडच खाली बसेल! म्हणून आईने कलश व्हॅनमध्ये ठेवला, बाबांच्या सीटवर, बेल्ट लावून. सांवेर रोडच्या कारखान्यात बाबा जन्मभर याच गाडीने गेले. आईचा हट्ट एवढाच: "दहाव्याला नर्मदेवर यांना यांच्याच गाडीतून न्यायचं. भाड्याच्या गाडीत मागे बसवून नाही."

पण गाडी सुटताना खालून ठणकन वाजायची. गॅरेजवाला म्हणाला, "मैडमजी, क्रॉस गया. पूरा शाफ्ट बदलेगा."

एका सांध्यासाठी पूर्ण शाफ्ट! मी ग्राहकांच्या हक्कांची पत्रकं लिहिते, वाटते, चौकात उभी राहून ओरडते. 'आपली गाडी, आपले हात!' हे पत्रक माझंच. त्यात सगळं सोपं करून दिलंय: इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये येते, तिथून शाफ्ट नावाचा लांब दांडा ती मागच्या चाकांना पोचवतो. दांड्याच्या टोकांना क्रॉस म्हणजे सांधे. सांधा झिजला की ठणठण.

"फक्त क्रॉस बदलू. लूट चालू देणार नाही!" मी गरजले.

"बाई गं, दहाव्यानंतर कर तुझी क्रांती."

"आई, अन्यायाला तिथी नसते!"

(हे वाक्य पुढच्या पत्रकासाठी तिथेच राखून ठेवलं.)

गल्ली उताराची. मधोमध उथळ, उघडी नाली. गाडी तिच्यावर उभी केली आणि मी नालीत उताणी पडले. (हसू नका. स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या इंदूरची नाली आहे, माणूस झोपू शकतो!) पाना घेऊन हात चालवणार, तेवढ्यात चौरसिया भिया वाकले.

"बिटिया, टायर के आगे ईंट लगा ले."

"भिया, या शहरात रस्त्यावर वीट पडलेली दिसलीये कधी? और गाड़ी गियर में है!"

व्हॅनचा हँडब्रेक कधीच मेला होता. बाबा गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून बंद करायचे, म्हणजे बंद इंजिन चाकांना धरून ठेवतं. गाडी वर्षानुवर्षं अशीच उभी राहिली. वीट लावणं म्हणजे आमच्या घरात बाबांवर अविश्वास!

शेवटचा बोल्ट सुटला. शाफ्ट माझ्या छातीवर आला. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला, की चाकांना इंजिनाशी बांधून ठेवणारा एकमेव दुवा आता माझ्या छातीवर आहे!

गाडी हलली. शाफ्टचं दुसरं टोक गिअरबॉक्समधून अलगद निसटलं, पाठोपाठ तेलाची धार थेट माझ्या तोंडावर. डोळे पुसून बघते, तर वर निळंशार आकाश.

"अरे बिटिया, गाड़ी तो चल दी!"

"रोको ना, भिया!"

"कैसे रोकूँ? तेरे पापा चला रिये हैं!"

आणि आई धावली. बाबा गेल्यापासून ती रडली नव्हती, चहा करत होती, आल्यागेल्याला "बसा" म्हणत होती. ती आता साडी सावरत, अनवाणी, उतारावरून ओरडत धावत होती, "अहो! अहो, थांबा ना!"

गाडी थांबली ती खालच्या गतिरोधकाला. तो बेकायदा आहे, कंबरमोड आहे, तो उखडावा म्हणून मी सह्या गोळा केल्या होत्या. त्यानेच माझ्या बापाला अडवलं. ओरखडासुद्धा नाही.

तेलाने माखलेली मी पोचले तेव्हा आई दार उघडून बाबांच्या शेजारी बसली होती. कलशावर हात होता.

"दोन्ही वेळा असेच निघालात," ती म्हणाली, "सांगून तरी जायचं."

मग ती रडली. मी खिडकीला धरून उभी राहिले.

संध्याकाळपर्यंत मीच नवा क्रॉस घालून शाफ्ट बसवला. पण काढताना जोडावर खडूने खूण करायची असते, नाहीतर तो फिरून बसतो आणि गाडी थरथरते. (माझ्या पत्रकात हे ठळक अक्षरात आहे.) दहाव्याला नर्मदेपर्यंत आम्ही दात वाजवत गेलो. कलश आईने पोटाशी घट्ट धरला होता.

काठावर पिंड ठेवला. कावळे समोरच बसलेले, पण एकही हलेना. पिंडाला कावळा शिवला नाही, तर गेलेल्याच्या मनात काहीतरी राहिलंय म्हणतात.

"मी नीट राहीन हो," आई म्हणाली. कावळे गप्प.

"मी आईला सांभाळीन, बाबा," मी म्हणाले. एकाने पंख खाजवला.

आईने माझ्याकडे पाहिलं, डोळे पुसले, हात जोडले. "अहो, गाडी गॅरेजात देते. ही पोरगी तिला परत हात लावणार नाही."

सगळेच्या सगळे झेपावले!

मी इतकी आंदोलनं केली, पण इतक्या तातडीने, इतक्या एकमताने मंजूर झालेली ही पहिलीच मागणी. तीही माझ्याविरुद्ध.